मुंबईतून एका दिवसात बेट, बोट, स्नॉर्केलिंग आणि किनाऱ्यावर जेवण: जमेल का?

पाटीवरचा_खडू
मंडळी, सल्ला हवाय. दिवाळीत मावसभाऊ क्राबीला जाऊन आला. तिकडे म्हणे 'चार बेटं' नावाची एका दिवसाची सहल असते. लहान बोट, दहा-बारा माणसं, मध्येच बोट थांबवून तोंडाला मास्क लावून पाण्यात उतरायचं, मासे बघायचे आणि दुपारी वाळूवर बसून जेवायचं. त्याने सगळ्या नातेवाइकांना एकशे चाळीस फोटो पाठवले. तेव्हापासून आमच्या घरात 'आपण कधी?' एवढा एकच विषय आहे.

क्राबी बजेटमध्ये नाही. पण मुंबई मुळात बेटांचीच ना? मग इथेच असं काही होईल का? शनिवारी किंवा रविवारी सकाळी निघून रात्री मुलुंडला परत. आम्ही नऊ जण: मी, बायको, मुलगा ११, मुलगी ७, आई ६८, ताई, भावजी, भाचा १५ आणि सासरे. सासऱ्यांना पोहता येतं, पण १९७८ नंतर ते पाण्यात उतरलेले नाहीत.

एका एजंटाकडून जाहिरात आली आहे: 'मुंबई आयलंड स्नॉर्केलिंग, छोटा ग्रुप, बीच लंच'. फोटोतलं पाणी निळंशार आहे. खरं असेल का हे?

खडूस_मिशीवाला
नाही.

रिकामा_डबा
काका, निदान 'शुभ सकाळ' तरी म्हणायचं.

खडूभाऊ, फोटोतलं पाणी निळं आहे यात शंकाच नाही. ते कुठलं आहे एवढंच विचारा. नारळाची झाडं जरा जास्तच वाकलेली दिसत असतील तर ते मालदीव.

विरार_स्लो
अर्नाळ्याला या की! विरारला उतरा, अर्नाळा गावात पोहोचा, बोटीत बसा, काही मिनिटांत किल्ल्याच्या बेटावर. बेटावर वस्ती आहे, किल्ला आहे, आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. गर्दी कमी. चढता-उतरताना गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं, मुलांना त्यातच खरी मजा येते. स्नॉर्केलिंग विसरा. पाण्यात हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत.

रिकामा_डबा
आणि रविवारी संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये तर श्वास रोखून धरायचा सराव फुकटात होतो. स्नॉर्केलचीही गरज नाही.

आजीचीनात
घारापुरी? गेटवेहून तासाभरात पोहोचता, धक्क्यावरून छोटी गाडी आहे, लेणी १९८७ पासून जागतिक वारशात आहेत. सोमवारी बंद असतात, तेवढं बघा. आईंना शंभरावर पायऱ्या चढायच्या असतील तर डोलीवाले मिळतात. पण किनारा म्हणाल तर तिवरं आणि चिखल. वाळूवर जेवायचा बेत तिथे जमणार नाही, आणि डबा उघडलात तर माकडं जेवतील.

भरतीओहोटी
खडू, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' एवढ्यावर सोडू नये. (मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे लांबण लागणार. हलके घ्या.)

मुंबईच्या आसपास पाणी गढूळ असण्याला प्रदूषण हे एकच कारण नाही. सांडपाणी आहेच. पण समजा उद्या सगळं सांडपाणी बंद झालं, तरी इथे क्राबी होणार नाही. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, पनवेलची खाडी, पाताळगंगा, धरमतरची खाडी, या सगळ्यांचा गाळ इथेच ओतला जातो. तळ बारीक चिखलाचा. आणि मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो. म्हणजे जवळजवळ दोन मजली घराच्या उंचीएवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. तळाचा चिखल खाली बसायला त्याला उसंतच मिळत नाही. सतत ढवळलेला चहा निवळेल कसा?

दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो. मालवणला तो मुंबईच्या निम्म्याच्याही आसपास असतो. तळ वाळूचा आणि खडकाचा, मोठ्या नद्यांचा गाळ कमी. म्हणून महाराष्ट्रात स्नॉर्केलिंग म्हटलं की सगळे मालवण-तारकर्लीलाच जातात.

पाटीवरचा_खडू
सर, इतकं छान कुणी सांगितलं नव्हतं. चहाचं उदाहरण आजच मुलांना देतो. म्हणजे एजंट कटाप. मग मालवणला एका दिवसात...?

देवबागी
अरे बाबांनू, मालवणचो समुद्र म्हंजे तुमच्या सोसायटीचो स्विमिंग पूल नाय! पाचशेच्या आसपास किलोमीटर आसा. शनिवारी सकाळी निघून रात्री परत जावचा म्हणतास तर रस्त्यातच मासे बघूचे लागतले, ते पण पनवेलच्या बाजारात.

आता नीट सांगतो. दादरहून मध्यरात्री तुतारी एक्सप्रेस पकडा, कुडाळला उतरा, पुढे रिक्षा नाहीतर एसटी. किमान दोन रात्री काढून या. पावसाळा सरल्यापासून मे पर्यंत बोटी चालतात, पावसाळ्यात सगळं बंद. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळ. सकाळी लवकर जा, दुपारी वारा सुटला की पाणी उकरतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती खडकात स्नॉर्केलिंग करतात. किल्ला बघितल्याशिवाय पाण्यात उतरू नका. १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर महाराजांनी बांधून घेतला, आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे आणि चुन्यातले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत.

खडूस_मिशीवाला
देवबागी, किल्ला उत्तम, स्नॉर्केलिंगबद्दल मात्र माझा अनुभव लिहितो. नाव कुणाचंच घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. 'छोटा ग्रुप' म्हणून पैसे घेतले, बोटीत आम्ही बावीस जण. मास्क सहा. आधीच्या माणसाच्या तोंडातून काढलेली नळी समुद्रात एकदा बुचकळून माझ्या हातात दिली. पाण्यात उतरलो तर एका मुलाने माझ्या जॅकेटचा पट्टा धरून मला गोठ्यातल्या म्हशीसारखं फिरवलं. मी मासे बघत होतो आणि तो दुसऱ्या हाताने पाव कुस्करून टाकत होता. मासे पावाला आले होते, मला बघायला नाही. सात मिनिटांत 'हो गया सर'. वर आल्यावर फोटोंचे वेगळे पैसे.

आणि मास्कमध्ये सतत पाणी. माझी मिशी भरघोस आहे. मास्क बसेचना.

निळा_पंजा
मिशीवाले काका, मास्कची कड वरच्या ओठावर बसते. तिथे केस असले की त्यातून पाणी शिरतंच. मिशीवर थोडं व्हॅसलिन चोपडलं तर बरंच थांबतं. खात्रीचा उपाय वेगळा आहे, पण तो तुम्हाला आवडणार नाही.

मी गेली नऊ वर्षं डायव्हिंग करतो, त्यामुळे थोडं सांगतो. पाण्यात उतरायच्या आधी हे स्वतः बघा:

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पडला तर दुसरा मागा, लाजू नका. आत काचेवर थुंका, बोटाने चोळा, समुद्राच्या पाण्यात हलकेच विसळा. ऐकायला घाण वाटतं, पण काच धुरकटत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का विचारा, चष्म्यावर मास्क बसत नाही. नळीत पाणी गेलं तर घाबरून डोकं वर काढू नका, जोरात 'थू' करा, पाणी उडून जातं. हे गुडघाभर पाण्यात दहा वेळा करून बघा आणि मगच खोल जा. सातव्या मिनिटाला माणसं घाबरतात ती मासे बघून नाही, नाकात पाणी गेल्यामुळे.

पाव टाकण्याबद्दल काका बरोबर बोलले. त्या माशांचं पोट पावासाठी नसतं, आणि सवय लागली की खडकावरचं शेवाळ खायचं सोडून ते बोटींच्या मागे फिरतात. प्रवाळावर उभं राहू नका. ते दगड नाहीत, जिवंत वसाहती आहेत आणि त्यांना वाढायला वर्षानुवर्षं लागतात. तुकडा आठवण म्हणून घरी आणायचा विचारही नको, प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत.

देवबागी
मिशीवाल्यांनू, असले लोक आमच्याकडे आसत, नाकारूचंय नाय. पण सगळेच तसले नसत. गर्दीच्या दिवशी, नाताळात नि लाँग वीकेण्डला इलात तर कोण तुमका दोन तास देतलो? मंगळवारी येवा, बघा कसा दाखवतत ता.

खडूस_मिशीवाला
मंगळवारी बँक कोण उघडणार?

रिकामा_डबा
काका बँकेत आहेत हे आज कळलं. पहिल्या प्रतिसादातलं ते 'नाही' आता नीट समजलं.

आजीचीनात
अवांतर: अंदमानला जॉली बॉय बेटावर गेलो होतो. वंडूरहून बोट जाते. प्लॅस्टिकची बाटलीसुद्धा न्यायची नाही, पाणी भाड्याच्या बाटलीतून. बेटावर खायला काही मिळत नाही, डबा आपला आपण न्यायचा आणि कचरा परत आणायचा. तळाला काच असलेल्या बोटीतून आधी दाखवतात. माझ्या आईला पोहता येत नाही, तिने त्या काचेतूनच सगळं पाहिलं आणि परत येईपर्यंत कुणाशी बोलली नाही. खडूभाऊ, आईंचा विचार करून लिहितेय. सगळ्यांनी पाण्यात उतरायलाच हवं असं नाही.

पाटीवरचा_खडू
आईचंच तर खरं कोडं आहे. तिला बोट लागते. मांडव्याला जाताना एकदा गेटवे सुटायच्या आतच तिने आवळा सुपारीचा अख्खा डबा संपवला होता.

थळची_सून
धागा उशिरा पाहिला. मी माहेरची गिरगावची, सासर थळचं (अलिबागच्या अलीकडे). खडूदादा, तुम्हाला बेट, बोट आणि किनाऱ्यावरचं जेवण हवंय ना? खांदेरीचं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही?

थळच्या किनाऱ्यावरून समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी. खांदेरीला जायला वाऱ्यानुसार अर्धा-पाऊण तास. तिथे धक्का आहे, त्यामुळे आईंना उतरवता येईल. उंदेरीला धक्का नाही, खडकावर उडी मारावी लागते, ते तुम्ही सोडाच. खांदेरीवर १८६७ सालचं दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे (कोळी लोक त्याला फार मानतात, चपला बाहेर काढा), चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा आहेत, आणि एक मोठा खडक आहे ज्यावर दगडाने ठोकलं की भांड्यासारखा टणटण आवाज येतो. मुलं तिथून हलत नाहीत. बेटावर राहता येत नाही, खायलाही मिळत नाही. दोन-अडीच तासांत बघून परत यायचं.

जेवण थळला. आमच्या गावात घरगुती करून देतात.

भरतीओहोटी
थळची_सून, तुम्ही माझ्या तोंडचा घास पळवलात. खांदेरीचा इतिहास थोडक्यात: १६७९ मध्ये महाराजांनी आरमारी सरदार मायनाक भंडारीला पाठवून बांधकाम सुरू केलं. मुंबईच्या तोंडावर हा किल्ला इंग्रजांना परवडणारा नव्हता. त्यांनी गलबतं आणून वेढा घातला, लढाया झाल्या, पण मावळे लहान होड्यांतून रात्रीच्या रात्री दगड-चुना नेत राहिले. मोठ्या गलबतांना उथळ पाण्यात आणि वाऱ्याविरुद्ध वळता येईना, आपल्या होड्या मात्र वल्ह्यांवर निघून जायच्या. १६८० च्या सुरुवातीला सिद्दीने शेजारचं उंदेरी तटबंदी करून अडवलं. मग पुढे कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली होती. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांत खांदेरी आहे.

'छोटा ग्रुप, छोटी बोट' ही युक्ती आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

निळा_पंजा
+१ खांदेरीला. पण स्नॉर्केलिंगची आशा तिथेही ठेवू नका. आणि बोट कुठलीही असो, लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, नुसतं मांडीवर ठेवायचं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेजवळ प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सात वर्षांच्या मुलीला मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, पाण्यात पडली तर ते डोक्यावरून निघून जातं. लहान मापाचं आधीच विचारून ठेवा, नसेल तर विकत घेऊन जा. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या.

ओली_वाळू
सगळे म्हणताय मुंबईत पाण्यात काही दिसत नाही. पाण्याखाली नाही दिसत, पण पाणी गेल्यावर?

ओहोटीला हाजीअली, कार्टर रोड, जुहूच्या खडपांत जाऊन बघा. मरीन लाइफ ऑफ मुंबईचे लोक २०१७ पासून किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, मी तीनदा गेलेय. समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), खेकडे, गोगलगायी, स्पंज, कधी कधी छोटा ऑक्टोपस. मुंबईत प्रवाळ आहेत हे तरी किती जणांना माहीत आहे? कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये वरळी-हाजीअलीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले होते.

तर खडूदादा, मुलांसाठी मास्क घ्याच. ओहोटीला खडपात जी डबकी राहतात त्यातलं पाणी स्थिर असतं, गाळ खाली बसलेला असतो. गुडघ्यावर बसायचं, मास्क लावायचा आणि तोंड पाण्यात घालायचं. नळीही लागत नाही. घोटाभर पाणी पुरतं. पायात जुने बूट हवेत, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. आणि दगड उलटवलात तर होता तसाच परत ठेवायचा.

पाटीवरचा_खडू
ही कल्पना मला भयंकर आवडली! पण गोंधळ असा: बोटीला पाणी हवं, डबक्यांना ओहोटी हवी, आईला लाटा नकोत. तिन्ही एका दिवशी कसं जमायचं?

तांडेलाचा_नातू
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता लिहितो. आमचे आजोबा तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे. घड्याळ नव्हतं, कॅलेंडर होतं.

तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे-मागे पूर्ण भरती, दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती साधारण दुपारी-मध्यरात्री, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी थोडंच चढतं नि थोडंच उतरतं, ओढ कमी.

आता हिशोब. बोटीने जायला-यायला सकाळी साडेआठ ते साडेअकरा पाणी भरलेलं हवं. डबकी उघडी पडायला दुपारी तीनला ओहोटी हवी. तर भरती नऊला यायला पाहिजे. नऊ कशाची पाऊणपट? बाराची. द्वादशी. शुक्ल असो की वद्य. अष्टमीचा भांग सरलेला आणि उधाण अजून तीन दिवस लांब, त्यामुळे ओहोटी बऱ्यापैकी आत जाते पण ओढ अंगावर येत नाही.

हे ठोकताळ्याचं गणित आहे, मिनिटाचं नाही. निघायच्या आधी भरतीचं छापील वेळापत्रक बघा आणि बोटवाल्याला विचारा. वारा काय करणार ते त्यालाच कळतं.

भरतीओहोटी
उभा राहून टाळ्या. आईंना बोट लागू नये म्हणून सकाळचीच फेरी घ्या. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, दिवसा समुद्रावरून खारे वारे. सकाळी दोन्हींच्या मधल्या वेळेत समुद्र शांत. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, कुणी कधी वापरलं नाही.

रिकामा_डबा
सर, आम्ही वापरलं. परीक्षेत. जागा चुकली, खारे जमिनीवरून लिहिले.

थळची_सून
द्वादशी म्हणताय, पण आईंची एकादशी असते का? द्वादशीला पारणं. सुरमई कशी चालेल?

पाटीवरचा_खडू
हे कसं सुचलं नाही! आईची एकादशी असते. कडक. पारणं सकाळी सोडायचं आणि त्या दिवशी मासे नाहीत.

खडूस_मिशीवाला
मग आईंना घरी ठेवा.

आजीचीनात
काका!!

थळची_सून
घरी कशाला? जानेवारीत या. वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, पोपटी करू. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, वांगी, वर पुन्हा पाला. तोंड बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि चारी बाजूंनी गवत-काटक्या पेटवायच्या. अर्धा तास. झाली की नाही ते बघायला मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे, चर्र होऊन लगेच उडाले की झाली. कोंबडीचं मडकं वेगळं लावू. आईंचं मडकं आधी, शुद्ध. पुळणीवर जाळ करायचा नाही, वाडीतच करू, समुद्र पन्नास पावलांवर दिसतो.

आणि आदल्या संध्याकाळीच या. सकाळी मुंबईहून निघून साडेआठची बोट गाठायची म्हणजे लहान मुलांचे हाल.

रिकामा_डबा
हा धागा स्नॉर्केलिंगवरून एकादशीवर आला आणि तिथून पोपटीवर. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

पाटीवरचा_खडू
(पाच आठवड्यांनंतर)

जाऊन आलो! लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितो.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा. आई मोठ्या बोटीत अजिबात डगमगली नाही, उलट वर डेकवर जाऊन बसली. शनिवारी द्वादशी. सकाळी सातला तिने चहा आणि गूळपोळीवर पारणं सोडलं आणि एक गोळी घेतली. साडेआठला आमची नऊ माणसं, तांडेल आणि एक खलाशी. बाकी कुणी नाही. बोटवाल्याने आईला बरोबर मध्यभागी बसवलं आणि सांगितलं, 'आजी, पाण्याकडं नाय, दिव्याकडं बघा.' दीपगृहाकडे. ती जाताना सगळा वेळ दीपगृहाकडे बघत होती आणि येताना सगळा वेळ तांडेलाशी गप्पा मारत होती. सुपारीचा डबा उघडलाच नाही.

खांदेरीवरचा तो खडक खराच वाजतो. भाच्याने पंधरा मिनिटं मोबाइल खिशात ठेवला, यावरून कल्पना करा. सासऱ्यांनी तोफेवर हात ठेवून फोटो काढून घेतला. सर, तुमची वल्ह्यांची गोष्ट मी धक्क्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितली. तांडेल म्हणाला, 'अजून पण तसंच हाय, मोठी बोट इकडं नाय येत.'

साडेअकराला परत. पोपटी झकास. आईने एकटीने अर्धं मडकं वालाच्या शेंगा सोलून संपवल्या. आम्ही बाकीचे तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. धुराचा वास अजून शर्टाला आहे, बायको धुवायला टाकू देत नाही.

मग तीन वाजता खडपात. मी दोन मास्क नेले होते. मुलगी गुडघे टेकून बसली, तोंड पाण्यात घातलं आणि तशीच राहिली. मला वाटलं श्वास अडकला, मी खांद्याला हात लावला तर तिने झिडकारला. मग मी शेजारी बसून दुसऱ्या मास्कने बघितलं. परातीएवढं डबकं. एक समुद्रफूल, हिरवट, त्याचे बारीक हात हलत होते. त्याच्या शेजारून एक शंख चालत होता. आत संन्यासी खेकडा (हर्मिट क्रॅब) होता. तो शंखातून निम्मा बाहेर आला, शेजारच्या थोड्या मोठ्या रिकाम्या शंखात पाय घालून बघितला, मग परत आपल्याच शंखात गेला. दोनदा असं केलं. तिसऱ्यांदा पटकन उडी मारून नव्या शंखात शिरला. मुलीने डोकं वर काढलं आणि पहिलं वाक्य, 'बाबा, त्याने घर बदललं, पण भाडं नाही दिलं.' मी मुलुंडमध्ये भाड्याने राहतो, त्यामुळे हे जरा लागलं.

ओली_वाळू, तुमचे शतशः आभार. सासरे शेवटी घोटाभर पाण्यात उतरले. १९७८ नंतर पहिल्यांदा.

मालवणला मंगळवारी जायचं ठरतंय. देवबागी, तयार रहा.

देवबागी
येवा येवा. पण पाव हाडू नकात!

ओली_वाळू
शंख बदलताना बघायला मिळणं म्हणजे नशीब! मी तीन फेऱ्यांत एकदाही पाहिलं नाही.

तांडेलाचा_नातू
तांडेलाचं वाक्य वाचून आजोबा आठवले. बाकी काही नाही.

आजीचीनात
खर्च किती आला? आम्ही सहा जण आहोत.

पाटीवरचा_खडू
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बोट पूर्णच ठरवावी लागते, त्यामुळे सहा जणांना माणशी थोडं जास्त पडेल. पुढची द्वादशी शनिवार-रविवारी कधी येते ते आधी बघा.

खडूस_मिशीवाला
मास्क कुठल्या मापाचे घेतलेत? मलाही मालवणला मंगळवारी यायचं म्हणतो. रजा टाकली आहे.

निळा_पंजा
काका, व्हॅसलिन की वस्तरा?

खडूस_मिशीवाला
व्हॅसलिन.